कापश्याचे शंकरपाळे

२८ नोव्हेंबर

भाजीवाल्यानं आज पुन्हा फसवलं! भोपळ्याची वरची फोड दाखवली लालबुंद, पिशवीत घातली ती फिक्कट, बियांपाशी बुरा आलेली. औरंगपुऱ्यातून घरी येईपर्यंत पिशवी उघडून बघितली नाही, ही माझी चूक. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काय कळतंय. बुरा कापून टाकला, उरलेला उकडला. कापश्याच्या शंकरपाळ्यांना तेवढा पुरला.

बाजरीचं पीठ, त्याच्या निम्मं नाचणीचं, उकडलेला भोपळा, भाजून कुटलेले शेंगदाणे, थोडे जवस. मीठ नाही, साखर नाही, गूळसुद्धा नाही. दह्यात घट्ट मळायचं, जाड लाटायचं, कातण्यानं कापायचं आणि जुन्या गोल ओव्हनमध्ये मंद भाजायचं. पूर्वी त्यात नानकटाई व्हायची, आता कुत्र्याचे शंकरपाळे होतात! बाजारातली कुत्र्यांची बिस्किटं मी घरात येऊ देत नाही. पाकिटावर हसरा कुत्रा छापला की आत काय भरलंय ते कोण बघतं?

हे म्हणाले, "एवढी खटपट कशाला? पोळीचा तुकडा टाकला तरी खातो तो."

मी म्हटलं, "मेल्याचं पोट बिघडलं की फरशी मलाच पुसावी लागते, म्हणून."

खरं म्हणजे भाजल्याचा वास सुटला की तो ओव्हनपुढं येऊन बसतो, मान वाकडी करून. पांढरंशुभ्र एवढंसं बोंड! तेवढं बघायला मिळावं म्हणून करते. पण हे असलं तोंडानं बोलायचं म्हणजे – नको. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी मला न विचारता त्याला आणलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. आता कुठल्या तोंडानं लाड करायचे? हे झोपले की करते.

१ डिसेंबर, रविवार

खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू आले. सरूबाई आणि त्यांचा मुलगा बद्रीनाथ. पैठणकडची शेतकरी माणसं. मुलगा चितेगावच्या एका कारखान्यात लागलाय, म्हणून शहरात. ह्यांनी मला विचारलं, एवढं खरं. पण विचारलं तेव्हा किल्ली देऊन झाली होती.

सरूबाई वर येऊन पायाच पडायला लागल्या. माझ्याच वयाची बाई! इतकी नम्र माणसं मला झेपत नाहीत. तेवढ्यात कापश्या बाहेर आला तशा पदर सावरून मागं सरकल्या. "घरात कुत्रं हाय व्हय! देवाच्या खोलीत बी जातंय का?"

"तुमच्या देवाच्या खोलीत नाही येणार," मी म्हटलं.

त्या जिना उतरायला लागल्या. पण जाताना त्याच्याकडं वळून बघितलं. ते बघणं मी ध्यानात ठेवलंय.

३ डिसेंबर

सरूबाईंनी उंदराचं औषध आणलं आणि पुडी खालच्या पायरीवर ठेवून दिली! कापश्या दिवसभर त्याच जिन्यावर असतो. मी पुडी उचलली, वर आणली आणि मसाल्याच्या डब्यांमागं ठेवली. विचारायला आल्या – "पुडी बगितली का बाई? उंदरं लई हायेत तुमच्या घरात." माझ्या घरात! मी म्हटलं, नाही बघितली. पिंजरा लावा.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

कांदा-लसूण सुटला! लोकांचा कार्तिकीनंतर सुटतो, आमच्याकडं आज. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच घरात कांदा चिरायचा, ही सासूबाईंपासूनची रीत. आषाढापासून लसणाची पाकळी घरात नव्हती. भरतावर ह्यांनी असा हात मारला, म्हटलं तव्याला तरी ठेवा काही.

मग कापश्याला का उपाशी ठेवायचं? नवा घाणा केला. कांदे किसून तव्यावर कोरडे परतले, लसणाचा अख्खा गड्डा ठेचला, पिठात मळून टाकला. थंडी पडलीय. लसणानं अंगात ऊब राहते, जंत होत नाहीत, गोचीड जवळ येत नाही. माणसाला चांगलं ते त्याला वाईट कसं असेल? हे शंकरपाळे यंदा चातुर्मासातच करायला लागले, तेव्हापासून बिचारा मिळमिळीत खात होता. आज ओव्हनपुढून हलेना. गरम होते तरी खाल्ले मेल्यानं.

१२ डिसेंबर

कापश्या दुपारपासून कोपऱ्यात. हाक मारली तर नुसती शेपटी हलवली, उठला नाही. थंडी असेल. उद्याच्या घाण्यात लसूण वाढवते.

१४ डिसेंबर

दूधवाला फाटक उघडं टाकून गेला. कापश्या रस्त्यावर! उस्मानपुऱ्याचा तो रस्ता, सकाळची वेळ, शाळांच्या रिक्षा! बद्रीनाथनं पळत जाऊन उचलून आणला. हे माझ्यावर ओरडले, "तुझं लक्ष कुठं असतं?"

दूधवाल्याचं पाप माझ्या माथी! मग माझंही तोंड सुटलं. "गेला असता तर सुटले असते एकदाची!"

सरूबाई दारात उभ्या होत्या. ऐकलं त्यांनी. ऐकू देत. रागात माणूस बोलतं.

नंतर त्याला मांडीवर घेऊन बसले. हे बाहेर गेले होते तेव्हा.

१६ डिसेंबर

हे आणि सरूबाई फाटकाशी बोलत उभे. मी कोपऱ्यावरून वळले आणि दोघं गप्प!

"काय बोलत होतात?"

"पाण्याचं," हे म्हणाले.

पाण्याचं बोलायला आवाज का उतरवावा लागतो? आठवड्यातून एकदा नळ येतो, त्यावर अख्खी गल्ली ओरडून बोलते. आणि सरूबाईंचे डोळे ओले होते का? की मलाच वाटलं? साध्या माणसांना गुंडाळायला वेळ लागत नाही, आणि हे तर इतके साधे, की रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर त्याला घरापर्यंत सोडून येतात.

१८ डिसेंबर

आता मात्र खात्री झाली. कापश्या जिना उतरून खाली गेला, बऱ्याच वेळानं वर आला – ओठ चाटत. मी शंकरपाळे पुढं धरले तर तोंड फिरवलं. माझ्या हातचं सोडून!

खाली जाऊन बघितलं. पाण्याच्या टाकीमागं स्टीलची वाटी, तळाशी पांढरं काहीतरी. धुवून टाकायच्या आधी नीट बघायला हवं होतं, पण सरूबाई आल्या आणि वाटी उचलून घेऊन गेल्या. "मांजरीची हाय."

मांजर कुठं आहे आमच्याकडं?

परत वर आले तर त्याला जिना चढवेना. दुसऱ्या पायरीवर धापा टाकत बसला. चातुर्मासात कसा टुणटुणीत होता! भाडेकरू आले आणि ही दशा. मला हिशेब कळत नाही असं त्यांना वाटतंय.

अनसूयाला फोन केला – ह्यांची चुलत बहीण, सिडकोत राहते, तिचा भाडेकरूंचा अनुभव दांडगा. म्हणाली, "वहिनी, कुत्रं नकोय असं सरळ सांगत नाहीत ही माणसं. गुपचूप काहीतरी घालतात. सावध राहा."

मी कधीच सावध आहे.

१९ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण आहेत, पण हात हळू. त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या! म्हणाल्या, रक्त कमी झालंय. कशानं, ते तपासावं लागेल. बाहेरचं काही खाल्लंय का? उंदराचं औषध पोटात गेलं तरी असं होतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ऐकलंत? ह्यांनी मान खाली घातली होती. मी केव्हाची सांगतेय, तेव्हा पटत नव्हतं!

"घरात काय देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाजरी, नाचणी, भोपळा, शेंगदाणे, जवस, दही. मीठ-साखर वर्ज्य. "वा, काकू," त्या म्हणाल्या, "असं सगळ्यांनी केलं तर माझं निम्मं काम कमी होईल." इंजेक्शन दिलं, टॉनिक दिलं. बाहेरचं काही खाऊ देऊ नका, फरक पडला नाही तर लगेच आणा, रक्त तपासू.

रिक्षात ह्यांनी कापश्याला स्वतःच्याच मांडीवर ठेवलं, माझ्याकडं दिलं नाही. मी हात पुढं केला होता.

२० डिसेंबर

हे स्वयंपाकघरात काय शोधत होते? मी देवाची फुलं काढून आले तर मसाल्याचे सगळे डबे ओट्यावर.

"चहाची पावडर," म्हणाले.

चहाचा डबा गॅसशेजारी, जन्मभर तिथंच आहे.

शिवाय म्हणाले, "तू त्याला सारखं काही देऊ नकोस. मी बघेन त्याचं खाणं."

लागलं मला. दिवसभर राबून करायचं आणि वर हे. शंकरपाळ्यांचा डबाही निम्मा झालाय – मी एवढे दिलेच नाहीत. कोण नेतंय?

२१ डिसेंबर

पुडी गेली! उंदराच्या औषधाची पुडी मसाल्यांमागं नाही. फळी पुसून बघितली, खाली पडली का बघितलं. नाही म्हणजे नाही.

वर येऊन नेली तिनं. काल दुपारी मी आडवी झाले होते तेव्हा. दुसरं कोण नेणार? ह्यांना तर ती पुडी घरात आहे हेही माहीत नव्हतं.

आता मी गप्प बसणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बोलले. स्पष्ट बोलले. खाली गेले, बद्रीनाथ घरी होता, त्याच्यासमोरच विचारलं, "सरूबाई, पुडी कुठंय?"

त्यांनी कोनाड्यातून पुडी काढून दिली. घडी मोडलेली नव्हती, पण त्यावरून काय कळतं? मी म्हटलं, "ही माझ्या स्वयंपाकघरात होती. तुमच्याकडं कशी आली?"

गप्प! नुसतं जिन्याकडं बघितलं. जिन्यात हे उभे होते.

"मी कुत्र्याला काय बी वाईट घातलं न्हाई," शेवटी म्हणाल्या. "खंडोबाची आन. कुत्रं म्हंजे देवाचं असतंय बाई."

"मग पुडी वरून खाली चालत आली?"

बद्रीनाथ पुढं आला. "काकू, आईला चोर म्हणू नका. आम्ही जातो खोली सोडून." त्याला वाटलं मी नको म्हणेन. मी म्हटलं, लवकरात लवकर.

हे वर येऊन म्हणाले, "कालिंदी, त्यांची काही चूक नाही." कसं कळलं तुम्हाला? "मला माहीत आहे." काय माहीत आहे? पाण्याचा तांब्या हातात घेऊन गॅलरीत जाऊन बसले. चौतीस वर्षांत हा माणूस कधी माझ्या बाजूनं भांडला नाही, आज परक्या बाईची बाजू घेतोय.

२३ डिसेंबर

कापश्याला माझ्या खोलीत ठेवलंय. दार लावून. खाली जाणं बंद. ह्यांच्या हातचंही बंद – हे भोळे, कुणी काही दिलं तर आणून घालतील. फक्त माझ्या हातचं. ताजा घाणा केला. अशक्तपणा आहे म्हणून लसूण दुप्पट, कांदाही जास्त. तो तोंड फिरवतो, मग मी दुधात कुस्करून चमच्यानं भरवते. "खा रे मेल्या, खा." खातो. माझं ऐकतो.

२४ डिसेंबर

हे दार वाजवत होते. "त्याला माझ्याकडं दे." नाही दिलं.

"कालिंदी, काय चाललंय तुझं?" असं विचारलं की जसं काही माझंच डोकं फिरलंय.

२६ डिसेंबर

गेले भाडेकरू. छोटा टेम्पो आला होता. मुकुंदवाडीला, स्टेशनजवळ, बद्रीनाथच्या मावशीच्या घराशेजारी खोली मिळाली म्हणे. सरूबाई निघताना वर बघत होत्या, माझ्या खिडकीकडं. पडदा ओढला.

सुटलो! आता सुधारेल.

२७ डिसेंबर

उठत नाही. लघवी काळ्या चहासारखी. डोळ्यांच्या कडा पिवळ्या. देवा, मी काय करू? खाली आता कुणी नाही! मग हे कोण करतंय?

संध्याकाळी

सगळं लिहूनच ठेवते.

रिक्षा करून गेलो. शंकरपाळ्यांचा डबा मी मुद्दाम बरोबर घेतला होता, डॉक्टरीणबाईंना दाखवायला – की बघा, याशिवाय त्याच्या पोटात काही गेलेलं नाही, चार दिवस दार लावून मी स्वतः भरवलंय. त्यांनी रक्त घेतलं, सलाईन लावलं. मग एक शंकरपाळा उचलला, मोडला आणि नाकाशी नेला.

"काकू, यात लसूण आहे?"

"थोडा. आणि कांदा. चवीपुरता."

"तुम्ही मागच्या वेळी सांगितलं नाहीत."

काय सांगायचं? फोडणीत मोहरी घातली हे कुणी सांगतं का? कांदा-लसूण म्हणजे काय वस्तू आहे का सांगायची?

"कधीपासून?"

"चंपाषष्ठीपासून. आमच्याकडं चातुर्मासात..." आणि माझं मलाच ऐकू आलं. चातुर्मासात टुणटुणीत होता. भाडेकरू आले म्हणून नाही बिघडला. लसूण सुटला म्हणून बिघडला!

त्यांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एका दिवसात नाही, रोज थोडं थोडं. एवढ्याशा जिवाला तर लवकरच. तो अशक्त होत होता आणि मी लसूण वाढवत होते. तो तोंड फिरवत होता आणि मी चमच्यानं भरवत होते. माझ्या हातानं! ज्याच्यासाठी मी मीठसुद्धा वर्ज्य केलं त्याला!

मी खालीच बसले, दवाखान्याच्या फरशीवर. वाटलं, आता हे मला काय काय बोलतील. बोलायलाच हवं.

हे भिंतीला टेकले. डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे लसूण." मग पुन्हा, "म्हणजे लसूणच होता." आवाज कसला तरी वेगळाच, मानेवरचं ओझं उतरल्यासारखा. खाली वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंसमोर! असं ह्यांनी आयुष्यात केलेलं नाही.

इतका चांगुलपणा का? राग यायला हवा होता ह्यांना.

२८ डिसेंबर

सलाईन चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आज-उद्याचा दिवस जाऊ द्या, गरज पडली तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. मी तिथंच बाकावर बसून असते. त्याच्या पंजाला हात लावून, सगळ्यांदेखत. आता कुणापासून लपवायचं?

२९ डिसेंबर

तसाच. अनसूयाचा फोन आला, "काय ग, मी म्हणत नव्हते?" फोन ठेवून दिला.

३१ डिसेंबर

पाणी प्यायला! मान उचलून स्वतः प्यायला. रक्त बाहेरून द्यावं लागणार नाही बहुतेक. डॉक्टरीणबाई हसल्या. मी रडले, हे पण.

२ जानेवारी

घरी आणलं. उकडलेला भोपळा आणि मऊ भात, बस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच. घरातला कांदा-लसूण मी काढून टाकला, आमच्यापुरताही नको. हे म्हणाले, "तसं काही करायची गरज नाही ग." इतकं गोड बोलतात हल्ली. मला ओशाळल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर संशयही येतो. कशाची भरपाई करतायत?

सरूबाईंचा विचार डोक्यातून जात नाही. त्या बाईला मी मुलासमोर चोर ठरवलं, घराबाहेर काढलं. कुत्र्याला उंदराचं औषध घालणारी! जाऊन पाय धरायला हवेत. पुडी त्यांनी वरून नेली होती, ते मात्र खरं. पण तेवढ्यानं काय होतं? पुडी त्यांचीच होती.

४ जानेवारी

मुकुंदवाडीला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, देवळात जाते. स्टेशनच्या मागं, पत्र्याची एक खोली. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्या सोडून त्या बाई तिथं राहतायत. सरूबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"कापश्या हाय का?" पहिला प्रश्न तो.

आहे म्हटलं. डोळे पुसले त्यांनी. मग मी सगळं सांगितलं. चंपाषष्ठी, लसूण, डॉक्टरीणबाई. म्हटलं, सरूबाई, माझ्या हातूनच झालं आणि मी तुम्हाला बोल लावला. माफ करा.

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे तुमी मुद्दाम नव्हता घालत व्हय?"

मला कळलंच नाही. "काय मुद्दाम?"

सरूबाईंनी जीभ चावली. मी सोडलं नाही. विचारत राहिले, शेवटी रडायला लागले, तेव्हा सांगितलं.

"साहेब फाटकापाशी रडकुंडीला आलते हो त्या दिशी. म्हनले, हिचा लई राग हाय कुत्र्यावर. ही त्याला काहीतरी घालतीय, मला भ्या वाटतंय. मी नसलो की तुमीच त्याला दूधभाकर घाला, हिच्या हातचं त्यानं खायला नको. मग चार दिसांनी पुडी घेऊन आले. म्हनले, हिनं मसाल्यामागं लपवून ठिवलीती, तुमच्याकडंच राहू द्या. कुनाला बोलू नका म्हनले."

"आणि मी तुम्हाला चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात?"

"साहेब जिन्यात हुबे होते की. मी बोलले असते तर तुमचं घर मोडलं असतं. आमचं काय, खोली दुसरी मिळती."

बद्रीनाथला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मला चहा केला, डोक्यावरून हात फिरवला – मी त्यांचे पाय धरायला गेले होते! रिक्षात बसले आणि हुंदके आवरेनात. रिक्षावाला विचारत होता, "अम्मा, कुछ हुआ क्या?" काय सांगायचं त्याला?

वाटीत विष नव्हतं. फाटकापाशी कट नव्हता. सगळीकडं मी चुकीचं बघत होते, आणि एका माणसाकडं बघितलंच नाही. चौतीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवतोय. त्याला वाटलं मी मुक्या जिवाला मारीन. वाटलं, आणि मला विचारलं नाही – खालच्या बाईला सांगितलं. मला राग यायला हवा. येतोय पण. पण त्याच्या कानांवर माझं काय पडलं होतं आजवर? मेल्या, मर, सुटले असते. एवढंच. बाकीचं तर मी इथं लिहीत होते.

घरी आले. हे कापश्याला भोपळा भरवत होते. "देवळात गर्दी होती का?" विचारलं. मी हो म्हटलं.

५ जानेवारी

सकाळी चहा केला. कप ह्यांच्या हातात देण्याआधी त्यातला एक घोट मी प्यायले – त्यांच्यासमोर, त्यांच्याच कपातला. उष्टा चहा मी ह्यांना जन्मात दिलेला नाही.

"हे काय?" असं त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडं बघितलं, कप घेतला आणि मान खाली घातली.

मग प्यायले.